यम्माचा ट्रॅक

जुम्म्याची नमाज सुटली, खाली रस्त्यावर कलिंगडवाल्यांची ओरड पुन्हा सुरू झाली, तरी कुतैबा खुर्चीवरून हलला नव्हता. दुपार कलताना, असरच्या नमाजेनंतर, त्याच्या धाकट्या बहिणीचं, सुजूदचं, लग्न होतं आणि तिच्या जफ्फ्याचं गाणं, म्हणजे जे वाजत असताना नवरी हॉलच्या दारातून आत येते ते, अजून कॉम्प्युटरमध्ये अर्धवट लोंबकळत होतं.

"अरे, दाढी तरी कर," यारूब म्हणाला. यारूब त्याचा भागीदार, लहानपणापासूनचा मित्र, आणि तोंडाला कुलूप नसलेला माणूस. "नवरीचा भाऊ आहेस. या अवतारात गेलास तर लोकांना वाटेल मयताला आलाय."

"तू गप्प बस आणि ऐक. अजून येतोय का?"

कुतैबाने बटण दाबलं. स्पीकरमधून त्याच्या आईचा आवाज आला, खणखणीत, थोडा नाकातून निघणारा. आणि त्या आवाजाच्या मागे, शेजारच्या घरातला टीव्ही भिंतीपलीकडून ऐकू यावा तसा, एक ऑर्गन.

"येतोय," यारूब म्हणाला. "बारीक आहे, पण येतोय. आणि राग मानू नकोस, बेसूर आहे."

"मीच वाजवलाय तो."

"म्हणून तर म्हणतोय."

कुतैबाने डोकं दोन्ही हातांत धरलं. सकाळपासून तो स्वतःच्याच बोटांना शिव्या देत होता.

इरबिदमध्ये पाण्याच्या पंपांच्या दुकानावर या दोघांचा स्टुडिओ आहे आणि जफ्फ्याची गाणी हाच त्यांचा धंदा. नवरीचं नाव, बापाचं नाव, घराण्याचं नाव गाण्यात ओवून द्यायचं. आता आमच्या गावात अर्ध्या लोकांना लग्नात दणदणीत वाजंत्री लागते आणि उरलेल्या अर्ध्यांना डफाशिवाय दुसरं वाद्य कानावर पडलं तरी चालत नाही. म्हणून प्रत्येक गाणं दोन तऱ्हांनी निघतं. नवं काम उघडलं की कुतैबा सगळ्यात आधी दोन ग्रुप बनवायचा. माणसांचे गळे आणि डफ एका ग्रुपमध्ये, ऑर्गन, ऊद, व्हायोलिन दुसऱ्यात. पहिल्याचं नाव 'मशीद', दुसऱ्याचं 'बाजार'. नावं अर्थातच यारूबची. प्रत्येक ट्रॅक आपला आवाज आपल्या ग्रुपला देतो आणि ग्रुप तो बाहेर सोडतो. कडक घरचं गिऱ्हाईक आलं की एक बटण दाबायचं, बाजार बंद. मशीद तेवढी उरते, ती फाइल द्यायची आणि दुआ घ्यायची. इतकं सोपं काम की ते करताना डोकं जागं असावं लागत नाही.

सुजूदचं सासर कडक निघालं. तिला मागणी घालायला मुलाचे वडील हाजी अबू सुहैब गावातली वजनदार माणसं घेऊन आले, समोर कॉफी ठेवली, आणि रिवाजाप्रमाणे होकार मिळेपर्यंत कपाला कोणी हात लावला नाही. कुतैबाचे वडील तो शाळेत असतानाच गेले, त्यामुळे घराच्या वतीने बोलायचं त्यालाच होतं. हाजी म्हणाले, "मुलगी आम्हाला डोळ्यांवर. एकच सांगणं आहे, बेटा. आमच्या घरच्या लग्नात वाद्य नको. डफ चालेल. बायकांचा आवाज बायकांच्या हॉलमध्ये चालेल. पण तार नको, बासरी नको, आणि ते तुमचं बटणांचं तर नकोच नको."

सगळी बैठक कुतैबाच्या तोंडाकडे बघायला लागली. बटणांवरच पोट असलेला माणूस, काय बोलणार? सुजूद आणि हाजींचा मुलगा सुहैब युनिव्हर्सिटीत एकमेकांना पसंत करून बसलेले आहेत, हे त्याला माहीत होतं. तो म्हणाला, "हाजी, माझी जबान." मग कॉफी प्यायली गेली. आमच्याकडे त्या कॉफीवर दिलेला शब्द फिरवून कोणी गावात तोंड दाखवलेलं मी पाहिलेलं नाही.

सुजूदने हे सगळं मुकाट्याने मान्य केलं. गाणारी नको, ठीक. नाच नको, ठीक. मग एका संध्याकाळी ती भावाच्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली.

"मला काही नको, कुतैबा. एकच कर. मी दारातून आत येताना यम्माने आवीहा म्हणायला हवी."

"सुजूद..."

"तुझ्याकडे एवढी यंत्रं आहेत ना? मग कर ना! थोरल्या मैसूनला मिळाली, मला का नाही?"

आवीहा म्हणजे लग्नात बायका म्हणतात त्या ओळी. प्रत्येक ओळ 'आवीहा' अशी आरोळी देऊन सुरू होते आणि शेवटी सगळ्याजणी जीभ नाचवत लू-लू-लू करून छप्पर डोक्यावर घेतात. नवरीच्या आईने म्हटली नाही तर ते लग्न पोरकं वाटतं. आणि या भावंडांची आई, यम्मा, तर अशी म्हणायची की दुसऱ्या गल्लीतल्या बायका आपलं लग्न सोडून ऐकायला यायच्या. गेल्या हिवाळ्यात मूत्रपिंडाच्या दुखण्याने ती गेली.

कुतैबाने तिला कितीदा म्हटलं होतं, एकदा स्टुडिओत ये, माइकसमोर म्हण, मी ठेवून घेतो. "मी काय कोंबडी आहे खुराड्यात बसायला?" ती म्हणायची. "सुजूदच्या लग्नात म्हणेन तेव्हा घे काय घ्यायचं ते." आणि या गाढवाने ऐकलं! गावभरच्या लोकांचे गळे यंत्रात पकडणारा माणूस स्वतःच्या आईला एक दुपार धरून बसवू शकला नाही. याचा मला आजही राग येतो.

त्यामुळे यम्माची आवीहा फक्त एका ठिकाणी उरली होती: मोठ्या बहिणीच्या, मैसूनच्या लग्नात मामाने फोनवर घेतलेल्या व्हिडिओत. आणि त्या लग्नात यम्माच्या शेजारीच, हौसेला मोल नाही अशा थाटात, ऑर्गन बडवत कोण बसलं होतं ते सांगितलंच.

कुतैबाने तो आवाज फोनमधून कॉम्प्युटरमध्ये घेतला. नवा ट्रॅक बनवला, ऑर्गन दणदणत होता, हाताने सवयीने जिथे टाकायचा तिथे टाकला आणि कामाला लागला. हल्ली गळा आणि वाद्य वेगळं करणारी सोय असते, पण तिने जाडजूड ऑर्गन तेवढा उचलला. बारीक राहिला तो राहिलाच. जिथे यम्माचा सूर आणि ऑर्गनचा सूर एकमेकांना चिकटले होते तिथे ऑर्गन काढावा तर यम्माचा आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा व्हायचा. यम्मा वाचवावी तर ऑर्गन डोकं वर काढायचा. दिवसभर गिऱ्हाइकांची कामं करायची आणि मग या चार ओळींशी झुंजायचं, असा त्याचा महिना गेला.

दुसरी अडचण याहून वाईट होती. ओळी अशा होत्या:

आवीहा, मैसून निघाली, जाईला सांगा वाट सोड,
आवीहा, घर माझं रितं झालं, घर त्यांचं झालं गोड,
आवीहा, रुसू नकोस गं मैसून, असते सगळ्यांचीच रीत,
आवीहा, दार मी लावणार नाही, बसेन उंबऱ्याशी नीट.

दोनदा मैसून. सुजूदच्या लग्नात मैसूनचं नाव कसं चालेल? मग तो यम्माचे फोनवरचे जुने निरोप ऐकत बसला. सुजूदने सगळे जपून ठेवले होते. त्यांतून 'सुजूद' एवढा एक शब्द हवा होता, मायेने उच्चारलेला. ऐकता ऐकता त्याच्या लक्षात आलं की यम्मा मायेत असली की कधी नाव घेतच नसे. तेव्हा 'काळजा' म्हणायची, 'माझे डोळे' म्हणायची. नाव निघायचं ते कामाला किंवा रागात. "सुजूद, येताना रोट्या आण." "सुजूद! फोन कशाला दिलाय तुला, उचलायला की मिरवायला?" शेकडो निरोप, आणि एकही नाव प्रेमाचं नाही. शेवटी त्याने त्यातल्या त्यात बरी अशी दोन निवडली, एक रोट्यांचं आणि एक फोनचं, त्यांचा सूर थोडा वर चढवला, भोवती हॉलचा घुमारा दिला आणि मैसूनच्या दोन जागी बसवली. या दोन हाकांत वाद्याचा लवलेश नव्हता. त्या सरळ मशिदीत गेल्या.

आणि आता शुक्रवार होता, आणि ऑर्गन अजून येत होता.

"मला एक सांग," यारूब जरा नरमाईने म्हणाला, "हॉलमध्ये एवढ्या बायका, एवढी पोरं. कोणाला कळणार आहे?"

"सुहैबची आई पुढच्याच रांगेत बसणार. तिने एक सूर ओळखला आणि भिंतीपलीकडे हाजींना निरोप गेला, की संपलं. माझी जबान गेली तर जाऊ दे. सुजूदला जन्मभर टोमणे खावे लागतील, हिच्या भावाने कॉफी पिऊन फसवलं म्हणून."

"मग यम्मा काढून टाक. सुजूदला सांग, नाही जमलं."

कुतैबाने त्याच्याकडे असं पाहिलं की यारूब उठून चहा टाकायला गेला.

मग त्याने हाती उरलेला एकच उपाय केला. एकेक शब्द, शब्दाचा एकेक तुकडा सुटा केला. दोन शब्दांच्या मधल्या फटी हाताने पुसल्या. जिथे ऑर्गन चिकटून बसला होता तिथे आवाजाचा खालचा भाग कापला आणि त्याच निरोपांमधून यम्माचाच दुसरा 'आ', दुसरा 'री' आणून त्याच ट्रॅकवर ठिगळ लावलं. खाली गायकांचे सूर होते, डफ होते, तेही त्या चार ओळींपुरते त्याने बंद केले, की यम्मा एकटी ऐकू यावी. चहा शेजारी गार झाला. डोळ्यांतून पाणी येत होतं, ते तो बाहीला पुसत होता आणि पुन्हा कापत होता. ही आईची सेवा चाललीय की चिरफाड, हे त्याचं त्यालाच कळेना.

"आता ऐक."

यारूबने डोळे मिटून ऐकलं. पुन्हा ऐकलं. कान स्पीकरला टेकवून तिसऱ्यांदा ऐकलं.

"नाही येत," तो म्हणाला. आणि यम्माला खाला, म्हणजे मावशी, म्हणणाऱ्या त्याचाही आवाज धड नव्हता. "खालाच आहे फक्त. अल्ला तिला जागा देवो, नुसती खालाच."

कुतैबा बसल्या जागी हमसून हमसून रडला. मैय्यतीच्या दिवशीसुद्धा तो असा रडला नव्हता, तेव्हा पाहुण्यांना कॉफी देण्यात दिवस गेला होता.

एवढ्यात हॉलच्या माणसाचा फोन आला. तो ओरडत होता, "उस्ताद, फाइल पाठवताय की नवरी आल्यावर मी शिट्टी वाजवू?" कुतैबाने घाईघाईने बाजाराचं बटण दाबलं, बाजार बंद झाला, फाइल काढली.

"एकदा सबंध ऐकून घे," यारूब म्हणाला.

कुतैबाने सुरुवात ऐकली. डफ, गायक, वाद्याचा मागमूस नाही. शेवट ऐकला. तोही स्वच्छ.

"मधलं?"

"मधलं मला आता ऐकवत नाही, यारूब. आणखी एकदा ऐकलं तर मी लग्नाला जाऊ शकणार नाही." आणि त्याने फाइल पाठवून दिली.

हॉलच्या दाराबाहेर सुजूद उभी होती. पांढऱ्या पोशाखावर पांढरी चादर, चेहरा निम्मा झाकलेला. आत एका बाईने पुकारा केला की नवरीचा भाऊ येतोय, आवरून बसा, तशी ओढण्यांची सळसळ झाली. कुतैबाने दाढी केली होती आणि हनुवटीला कापून घेतलं होतं. त्याने हात पुढे केला, सुजूदने तो धरला. 

"आहे ना?" ती कुजबुजली.

"आहे."

"नक्की? मैसून म्हणाली तुला जमत नव्हतं."

"माझ्या डोळ्यांची शपथ. तिच्या आवाजात, तुझ्या नावाने."

दार उघडलं. डफ सुरू झाले, गायकांनी घराण्याचं नाव घेतलं, बापाचं नाव घेतलं, बायका उभ्या राहिल्या. भावंडं एकेक पाऊल टाकत निघाली. पुढच्या रांगेत सुहैबची आई हात पोटावर बांधून उभी होती, चेहऱ्यावर ना राग, ना हसू. तिच्या शेजारी मैसून होती आणि ती आधीच रडत होती. गायकांची शेवटची ओळ आली. डफ थांबले. 

काहीच आलं नाही.

 पंख्यांचा आवाज ऐकू यायला लागला. कुतैबाला वाटलं, वरच्या काचेमागे बसून गाणी लावणाऱ्या हॉलच्या माणसाने गाणंच बंद केलं. त्याने मान वर करून पाहिलं, तर तो माणूस दोन्ही हात पसरून खुणावत होता, मी काही केलेलं नाही.

आणि मग यम्माने हाक मारली.

"सुजूद!"

एवढंच. पुढे नाही, मागे नाही. स्वयंपाकघरातून यावी तशी, कामाची, घाईची हाक. ती भिंतींवर घुमत राहिली आणि विरली. पुन्हा पंखे.

तेव्हा कुतैबाला कळलं. ज्या दिवशी मामाच्या फोनमधून तो आवाज घेतला त्या दिवशी ऑर्गन दणदणत होता, आणि वाद्याचा ट्रॅक म्हणून हाताने तो बाजारात टाकला होता. नंतर महिनाभर घासून पुसून त्याने तो मशिदीच्या लायकीचा केला, पण बाजारातून उचलून मशिदीत ठेवायचा राहिला. काम करताना दोन्ही ग्रुप उघडे असत, म्हणून कधी लक्षात आलं नाही. आज बाजार बंद केला आणि त्याच्याबरोबर यम्माही बंद केली. सुटल्या त्या निरोपातल्या दोन हाका. त्या पहिल्यापासून मशिदीत होत्या.

आणि दुसरी अजून यायची होती. ती फोनची होती. रागाची.

त्याला ओरडून सांगावंसं वाटलं, थांबवा. काच वर होती, माणूस वर होता, मध्ये एवढा बायकांचा मेळा. आपण स्वतःच ओळी म्हणाव्यात, त्याला एकेक अक्षर पाठ होतं. पण आवीहा बायकांनी म्हणायची, त्याच्या तोंडून ती हसण्यावारी गेली असती. मैसूनने त्याच्याकडे पाहिलं. त्या नजरेत विचारणं होतं, आणि तो नजर चुकवायला जमीन शोधत होता. सुहैबच्या आईने बांधलेले हात सोडले. मागे कोणी पोर फिसकन हसलं, त्याला कोणीतरी चापट मारली.

सुजूद हललीच नव्हती. मान किंचित तिरपी करून ती ऐकत होती. तिला अजून वाटत होतं, येईल, ओळ येईल. कुतैबाच्या हातावर तिची पकड घट्ट होत चालली.

"सुजूद!!"

यावेळी चढ्या सुरात, वैतागून, किती वेळ झाला बोलावतेय, असं.

आणि सुजूद चटकन मागे वळली. हॉल विसरली, सासू विसरली, चादर डोक्यावरून घसरली तिचं भान राहिलं नाही, आणि घरात मोरीतून ओ द्यावी तशी मोठ्याने ओरडली, "आलेऽऽ यम्मा! आले, आले, इथेच आहे मी!"

तिच्यासमोर बंद झालेलं दार होतं आणि दारावर स्पीकर. ती स्पीकरकडे तोंड वर करून उभी राहिली. आई आता काम सांगेल आणि ते करायला जायचं, अशा तयारीत उभी राहिली.  कोणाची जीभ नाचली नाही. सुहैबच्या आईने ओढणीचं टोक तोंडात धरलं होतं.

मग सुजूद भावाकडे वळली. अगदी हळू, त्यालाच ऐकू जाईल असं तिने विचारलं, "काय हवं होतं रे तिला?"

कुतैबाने तिच्या डोक्यावरून घसरलेली चादर सारखी केली. डफ पुन्हा सुरू झाले, गायकांनी नवऱ्याच्या घराण्याचं नाव घेतलं, आणि ठरल्याप्रमाणे त्या दोघांना पुढे चालावं लागलं.